एका घरातले चार पेले

प्रवरेच्या काठी, संगमनेर तालुक्यातल्या एका गावात आबा आणि आजी राहत होते. शेती तीन एकर, पण घर चालायचं ते गोठ्यावर. गोठ्यात चार संकरित गाई. आबा पहाटे साडेचारला उठायचे, शेण काढायचे, कोमट पाण्यानं कास धुऊन धारा काढायचे आणि उजाडता उजाडता कॅन घेऊन डेअरीवर पोचायचे. दुधाला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) जसं लागेल तसा भाव पदरात पडायचा.

खुराक वाटताना मात्र आबा कुणाचं ऐकत नसत. दुभत्या गाईला अंगाच्या पोषणासाठी किलो-दीड किलो, आणि त्यावर दर अडीच-तीन लिटर दुधामागे आणखी एक किलो. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत वेगळं माप. भाकडीला चाराच जास्त, पेंड बेतानं. शेजारी म्हणायचे, "आबा, एकेक पाटी टाकून मोकळं व्हा की." आबा म्हणायचे, "सगळ्यांना एकच माप लावलं तर एक गाय उपाशी मरंल आणि दुसरी पोट फुगून आडवी पडंल. जिची जशी गरज, तसं तिचं माप."

आबांच्या लेखी दूध म्हणजे अमृतच, आणि त्याला कारणही होतं. 1972 च्या दुष्काळात शेत करपलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचं काम खेड्यापाड्यांत पोचवलं. पुढं आबांच्या वडिलांनीही अशी एक कालवड दारात बांधली. त्या एका दाव्यावर घर सावरलं. दुधाच्या पगारावर मुलगा इंजिनियर झाला, मुलीचं लग्न झालं. म्हणून घरात कुणी आजारी असो, परीक्षेला निघालेला असो की पाहुणा म्हणून आलेला असो, आबा पेलाभर दूध पुढं करायचे आणि तो रिकामा झाल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.

या घरात पहिली ठिणगी पडली ती दिवाळीत. मुलीची मुलगी मुक्ता पुण्याहून सुट्टीला आली होती. त्याच आठवड्यात गोठ्यातली हरणी गाय व्यायली. गोऱ्हा झाला. मुक्तानं त्याचं ओलं अंग गोणपाटानं पुसलं, चीक प्यायला त्याला उभं केलं. त्याची खरबरीत जीभ तिच्या मनगटावरून फिरत होती. चौथ्या दिवशी सकाळी खुंट्याला नुसती दोरी होती.

"आबा, गोऱ्हा कुठंय?"

"दिला."

"कुणाला?"

आबांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "पिकअप घेऊन एकजण आला होता. कुठं नेतो ते मी विचारलं नाही. पोरी, पूर्वी गोऱ्हा झाला की औताला बैल मिळाला म्हणून माणसं खूश व्हायची. आता औत ट्रॅक्टरचं. गोऱ्हा रोज तीन-चार लिटर दूध पितो. लिटरला 25-30 रुपये धर, म्हणजे दिवसाला शंभरेक रुपये गेले. 2015 पासून कायद्यानं बैलाचीही कत्तल बंद, म्हणून बाजारात उघड गिऱ्हाईक नाही. सांभाळायचा कसा आणि कुठवर?"

"मग मला हे दूध घशाखाली उतरायचं नाही," मुक्ता म्हणाली. त्या दिवसापासून तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलं. आबांना वाटलं, पोरीनं आपल्या आयुष्यभराच्या कष्टाला नावं ठेवली. मुक्ताला वाटलं, आबांना त्या मुक्या जिवाचं काहीच नाही. दोघंही एकमेकांशी हवापाण्यापुरतं बोलू लागले.

दुसरी ठिणगी फाल्गुनात पडली. मुलगा आणि सून स्वाती बाळाला घेऊन गावी आले. राघवचा पहिला वाढदिवस होता. तोवर तो आईच्या दुधावर आणि वरणभात, नाचणीचं सत्त्व असल्या वरच्या अन्नावर वाढलेला. गाईच्या दुधाची पहिली वाटी आजोबांच्या हातची, असं आबांनी केव्हाच ठरवलं होतं. हरणीचं दूध उकळून, कोमट करून त्यांनी चमच्याचमच्यानं नातवाला पाजलं. पंधरा मिनिटांत बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, भडभडून उलटी झाली. जीप काढून सगळे संगमनेरला धावले.

बाळ सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "ही दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. बाळाचं शरीर त्या प्रथिनांना शत्रू समजतं. दूध, खवा, पेढा, दूध पावडर घातलेली बिस्किटं, सगळं बंद."

आबा म्हणाले, "मग गीर गाय आणतो. नाहीतर शेळी बांधतो दारात."

"नको आबा. गाय देशी असो की संकरित, ही प्रथिनं दोघींच्याही दुधात असतात. शेळीच्या दुधातली प्रथिनंही इतकी मिळतीजुळती आहेत की बहुतेक बाळांना तेही बाधतं. तुमच्या गाईचा दोष नाही आणि दुधाचाही नाही. हे दूध या बाळासाठी नाही, एवढंच. आईचं दूध चालू ठेवा. बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात, पण पुन्हा दूध देऊन बघायचं ते डॉक्टरसमोर. घरी प्रयोग नको."

पुण्याला परतल्यावर स्वातीची नोकरी पुन्हा सुरू झाली. अंगावरचं दूध कमी होत गेलं. तेव्हा मुक्ता उत्साहानं बदामाच्या पेयाचे डबे घेऊन आली. "मामी, यात गाईचं काही नाही. बदाम म्हणजे ताकदच की." राघवला त्याची गोड चव आवडली. दिवसातून तीन-चार वेळा बाटली भरू लागली. बाटलीनं पोट भरायचं, म्हणून वरणभाताकडं तो तोंड फिरवू लागला. दोन महिन्यांनी लसीकरणाच्या वेळी वजन केलं, तर काटा जिथल्या तिथं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुक्ताला रिकामा डबा आणायला सांगितला आणि तिलाच मोठ्यानं वाचायला लावला. पहिलं नाव पाण्याचं, दुसरं साखरेचं, मग बदाम अडीच टक्के. बाईंनी कागदावर आकडे मांडले. गाईच्या दुधाच्या 200 मिलिलीटरच्या पेल्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं आणि 240 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच सोयाच्या पेयात प्रथिनं जवळजवळ दुधाइतकीच. ओट्सच्या पेयात दोन ग्रॅमच्या आसपास. आणि बदामाच्या या पेयात जेमतेम एक ग्रॅम.

"बदाम पौष्टिकच आहे," बाई म्हणाल्या, "पण डब्यात तो आहे किती? मोठ्या माणसाच्या चहात हे पेय चालेल. वाढत्या बाळाची मदार यावर ठेवता येत नाही. या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं."

त्यांनी उपाय सांगितला. राघवला सोया बाधत नाही ना, हे त्यांनी आधी आपल्या देखरेखीखाली पाहिलं, कारण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. मग साखर नसलेलं, कॅल्शियम, ब12 आणि ड जीवनसत्त्व घातलेलं सोयाचं पेय ठरवून दिलं. डबा ओतण्याआधी नीट हलवायचा, कारण वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. शिवाय नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. जोडीला डाळ, मऊ शिजवलेली कडधान्यं. पेय जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही.

मग मुक्ताकडं वळून त्यांनी विचारलं, "दूध सोडलंस, ते तुझ्या मनाला पटलं म्हणून. चांगलं आहे. ब12 कुठून घेतेस?" मुक्ताला उत्तर आलं नाही. "ते डाळीभाजीतून मिळत नाही. दूधदुभतं, अंडी, मांसमासे यातलं काहीच खात नसशील तर गोळी नाहीतर ब12 घातलेलं अन्न घ्यावंच लागेल. मुंग्या, थकवा, नसांचं दुखणं मागं लागेपर्यंत थांबू नकोस."

मे महिन्यात सगळे गावी जमले. राघवचं वजन वाढू लागलं होतं. संध्याकाळी ओसरीवर आबा गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे आमचं दूध आता या घरातच कुणाला नको."

तेव्हा आजी बोलली. ती सहसा मध्ये पडत नसे.

"अहो, मला तरी ते कुठं सोसतं? चाळीस वर्षं झाली, दूध प्यायलं की पोटात गुडगुड आणि परसाकडं धाव. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून मी तोंड उघडलं नाही. ताक प्यायचे, ते निभायचं."

स्वातीनं डॉक्टरीणबाईंकडून ऐकलेलं सांगितलं, "आई, ही बाळासारखी ॲलर्जी नाही. दुधातली साखर पचवणारा पाचक रस बऱ्याच माणसांच्या पोटात वयाबरोबर कमी होतो. दही लागताना विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग संपवतात. म्हणून तुम्हाला दही-ताक सोसतं."

आजी आबांकडं बघून म्हणाली, "गाभण कोण, दुभती कोण, भाकड कोण, हे बघितल्याशिवाय तुम्ही गाईला मूठभर पेंड टाकत नाही. मग माणसांनाच एका मापात का बसवता? गाईचं पोट तुम्हाला कळतं, तसं घरच्या माणसाचंही कळायला पाहिजे." मग मुक्ताला म्हणाली, "आणि तू गं. गोऱ्ह्यासाठी जीव तुटला तुझा, ते बरोबरच. पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाळाच्या तोंडाला लावलंस. दया असली तरी माहिती लागतेच की."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबांनी मुक्ताला विचारलं, "त्या गोऱ्ह्याचं अजून मनात आहे ना तुझ्या?"

"आहे, आबा."

"माझ्याही आहे. विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पशुवैद्यकाला बोलावलं. हरणी माजावर आली की लिंगनिश्चित वीर्य वापरायचं ठरलं. त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. रेतनाला पैसे जास्त पडतात आणि गाय फळण्याचं प्रमाणही थोडं कमी असतं, तरी आबांनी खर्च मान्य केला. त्यातूनही गोऱ्हा झालाच, तर पोसायला दोन गावं पलीकडचा एक बैलजोडीवाला शेतकरी त्यांनी आधीच गाठून ठेवला. मुक्तानं दूध पुन्हा सुरू केलं नाही. आबांनी तिला तसा आग्रहही केला नाही. ती मात्र पहाटे त्यांच्याबरोबर गोठ्यात येऊ लागली आणि डेअरीच्या पावतीवरचा भाव बघून म्हणाली, "एवढ्यात गोऱ्हा सांभाळायचा कसा, हे तुम्ही मला विचारलं होतं. मी शहरात बसून त्याचं उत्तर दिलं नव्हतं."

त्या सुट्टीत त्या घरात रोज चार पेले भरत. आबांचा गाईच्या दुधाचा, आजीचा ताकाचा, राघवचा सोयाचा आणि मुक्ताचा कोऱ्या चहाचा, शेजारी ब12 ची गोळी. कुणी कुणाच्या पेल्याला नाव ठेवलं नाही.

तात्पर्य : गाईचं दूध श्रेष्ठ की वनस्पतीचं पेय, या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. पेला भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तो कुणासाठी आहे, त्यात खरोखर काय आहे, आणि तो भरताना कुणाला काय सोसावं लागलं. पहिल्यासाठी माणसाचं शरीर ओळखावं, दुसऱ्यासाठी डब्यावरचा मजकूर वाचावा, तिसऱ्यासाठी गोठ्यात जाऊन गाय, वासरू आणि शेतकरी या तिघांकडं बघावं. यातलं एक जरी टाळलं तर श्रद्धाही चुकते आणि दयाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा : पहिलं वर्षभर आईच्या दुधाची जागा गाईचं दूधही घेऊ शकत नाही आणि वनस्पतीचं पेयही. आईचं दूध पुरत नसेल, तर बाटली भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.