मेजरच्या घराची किंमत कोण ठरवतं?

सैन्यातून निवृत्त होऊन धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात परतलेला माणूस नायक असो की हवालदार, गाव त्याला मेजरच म्हणतं. वय बहुधा चाळिशीच्या आसपास. खात्यावर ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम आलेली असते. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि पंधरा वर्षांनी ती पुन्हा पूर्ण मिळू लागते. मुलांच्या शाळेसाठी घर कळंबात हवं असतं. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होत असल्याने बँकाही त्याला दारात उभं करायला तयार असतात. घोडं अडतं ते व्हॅल्युएशनला.

हिशोब साधा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के देता येतं. हे मूल्य बँकेच्या यादीतला व्हॅल्युअर ठरवतो. समजा, घर २८ लाखांना ठरलं. व्हॅल्युअरनेही तेवढीच किंमत धरली, तर मेजरला पदरचे २.८० लाख घालावे लागतात. त्याने २२ लाख लिहिले, तर कर्ज १९.८० लाखांवर थांबतं आणि पदरचे ८.२० लाख जातात. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच. मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली रक्कम एका कागदावरच्या आकड्याने भिंतीत जाते.

आकडा कमी का येतो? व्हॅल्युअर शेजारचे नोंदणीकृत व्यवहार आणि रेडी रेकनरचे दर पाहतो. पण छोट्या शहरांत खरेदीखतावर रेकनरच्या आसपासची रक्कम लिहायची आणि उरलेली रोखीने द्यायची, ही रीत काही लपून राहिलेली नाही. म्हणजे ज्या दस्तांशी तुलना करायची, तेच खोटं बोलतात. या व्यवहारात सर्वांत अडचणीत येतो तो सरकारकडून मिळालेला एकूण एक पैसा खात्यात असलेला माणूस. त्याला पूर्ण किंमत खतावर लिहायची असते, आणि नेमकी तीच किंमत अहवालात ‘बाजारभावापेक्षा जास्त’ ठरते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक ५० शहरांसाठी निघतो. त्यात कळंब नाही, मराठवाड्यातलं दुसरं कुठलं शहरही नाही.

आणि जमीन? मांजराकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. चांगला गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणल्याशिवाय जोतं बांधत नाही. हा पैसा जमिनीखाली जातो. चौरस फुटाचा सरसकट दर लावला की तो दिसत नाही, आणि दुष्काळी भागात पाणी लागलेल्या बोअरची किंमतही त्या दरात मावत नाही. जुन्या माळवदाच्या घराची तर गणती फक्त जागेपुरती होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरं माणसांवर कोसळली होती, त्यामुळे माळवदाच्या बाबतीत व्हॅल्युअरला दोष देता येणार नाही. बाँडवर घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा प्रश्न तर मूल्यांकनापर्यंत पोचतच नाही; तिथे मालकीच सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांना निदान स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका मिळू लागली आहे. तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता.

सैनिकाच्या गृहकर्जाचा प्रश्न अमेरिकेने १९४४ मध्येच हाती घेतला. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी केलेल्या ‘जीआय बिल’ कायद्याने त्यांच्या गृहकर्जाला सरकारी हमी दिली. ती योजना आजही चालू आहे आणि तिचं मूल्यांकन पाहण्याजोगं आहे. तिथे व्हॅल्युअरची निवड कर्ज देणारी बँक करत नाही. माजी सैनिकांचं खातं आपल्या यादीतून पाळीपाळीने नेमतं. किंमत सौद्यापेक्षा कमी येणार असं दिसलं, तर अहवाल देण्याआधी त्याने तसं कळवायचं आणि जवळपासच्या विक्रीचे पुरावे द्यायला दोन कामाचे दिवस द्यायचे. व्हर्जिनियातल्या ज्या भागात ही पद्धत प्रथम वापरली, त्यावरून तिला ‘टाइडवॉटर’ म्हणतात. त्यानंतरही आकडा कमीच आला, तर सैनिक फेरविचार मागू शकतो किंवा इसार न गमावता सौदा सोडू शकतो.

या योजनेला काळी बाजूही आहे. मिसिसिपीतल्या १३ शहरांत १९४७ मध्ये झालेल्या पाहणीत हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फक्त दोन आली होती. हमी वॉशिंग्टनची होती, पण कर्ज द्यायचं की नाही हे गावची बँक ठरवत होती. कळंबसारख्या ठिकाणी नवी योजना आणताना हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे माजी सैनिकासाठी काहीच नाही असं नव्हे. १९७८ मध्ये स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन घरं बांधते, पण ती पुण्यासारख्या शहरांत. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेतून माजी सैनिक आणि सैनिक विधवांना घरपट्टी माफ केली. चांगला निर्णय आहे, मात्र घरपट्टीचा प्रश्न येतो घर उभं राहिल्यावर. घर घेताना मेजर इतर कुठल्याही ग्राहकासारखा एकटा असतो. व्हॅल्युएशनची फी त्याच्या खिशातून जाते, अहवाल बँकेच्या नावे निघतो आणि सहसा त्याच्या हातात पडत नाही.

फुगवलेल्या मूल्यांकनांनी बँका बुडतात, ही बँकेची भीती रास्त आहे. कुणी आकडा वाढवून मागू नये. पण ज्याने फी भरली त्याला अहवालाची प्रत मिळावी, तुलनेला कोणते व्यवहार धरले ते त्यात लिहिलेलं असावं आणि हरकत नोंदवायला ठरावीक मुदत असावी. यासाठी तिजोरीतून मोठी रक्कम काढावी लागणार नाही. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ती हरकत बँकेपर्यंत पोचवली, तरी तालुक्यातल्या मेजरला पाठीशी कुणीतरी आहे असं वाटेल.

घाई आणखी एका कारणासाठी आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून चार वर्षं पुरी करते. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आज निदान पेन्शनकडे पाहून बँक दार उघडते. या मुलांकडे ती नसेल, म्हणून अहवालाच्या प्रतीचा आणि हरकतीचा हक्क लिहिताना त्यात अग्निवीरांचं नावही पहिल्या मसुद्यापासून असायला हवं.