बोटीच्या पाठीवर औंध

परवा अमेरिकेतून माझ्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. दादा मेरीलँडमध्ये राहतो. त्यानं एक जुनी शिडाची बोट घेतलीय आणि तिच्या पाठीवर त्याला ‘औंध, सातारा’ असं लिहायचं होतं. मला हसूच आलं. औंधला कुठला आलाय समुद्र! डोंगरावर यमाई, खाली गाव आणि भोवती खटावचा दुष्काळी माळ.

पण दादा वैतागला होता. तिथल्या तटरक्षक दलाकडे नोंदवलेल्या बोटीवर तिचं नाव आणि एका गावाचं नाव लिहावंच लागतं, किमान चार इंच उंचीच्या अक्षरांत. ते गाव बंदर असायला हवं असं नाही. वाळवंटातलं गावही चालतं, तुम्ही तिथं राहत नसलात तरी चालतं. फक्त ते अमेरिकेतलं पाहिजे.

“म्हणजे जिथं मी कधी पाय ठेवला नाही ते गाव चालतं, आणि जिथं जन्मलो ते नाही?” दादा म्हणाला.

त्याचा राग मला पटला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, मुळात हे गावाचं नाव लिहायचं तरी कशासाठी?

एसटीत शेजारी बसलेली म्हातारी विचारते, “कुठलं म्हणायचं बाळा तुम्ही?” समुद्रात भेटलेली जहाजंही एकमेकांना हेच विचारत आली आहेत. या प्रश्नात नुसतं कौतुक नसतं. उद्या काही कमीजास्त झालं तर तुझ्याबद्दल कुणाला विचारायचं, हेही त्यात असतं. गावाचं नाव सांगणं म्हणजे एका अर्थानं जामीन देणं.

मोठ्या मालवाहू जहाजांनी हा जामीन कधीच पोकळ करून टाकलाय. कितीतरी जहाजांच्या पाठीवर पनामा, मोनरोव्हिया किंवा माजुरो लिहिलेलं असतं. मालक दुसऱ्याच देशातला, खलाशी तिसऱ्याच. कर कमी आणि नियम सैल म्हणून नोंदणी तिथली. खलाशांचा पगार थकला की दाद कुणाकडे मागायची हेच कळेनासं होतं. नाव आहे, पण त्या नावामागं दार नाही.

आणि मी? मी पुण्यात राहतो. ‘औंधला?’ असं कुणी विचारलं की ‘ते नाही, साताऱ्याचं खरं औंध’ असं ठसक्यात सांगतो. गाडी एमएच-११, इन्स्टाच्या बायोत ‘औंधकर’. पण आजीच्या घराला तीन वर्षं कुलूप आहे आणि घरपट्टी तेवढीच थकलीय. ग्रामपंचायतीच्या शिपायाचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असतो. गावाचं नाव मी रोज वापरतो. गावानं मला हाक मारली की उचलत नाही. मग माझ्यात आणि त्या मोनरोव्हियावाल्या मालकात फरक काय?

एक फरक सांगता येईल: माझं प्रेम खरं आहे. पण ते गावाला कसं कळावं?

गिरणगावात राबलेल्या आमच्या माणसांना हे जास्त कळत होतं. त्यांच्या मंडळांच्या पाट्या आठवा: ‘अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. आधी गाव, मग मुंबई. त्या पाटीखाली वर्गणी जमायची, देवळाचा कळस व्हायचा, शाळेची खोली उठायची, गावाकडून आलेल्या पोराला झोपायला जागा मिळायची. नावाचं भाडं ते भरत होते.

आणि कुणी तपासत नसताना शब्द पाळायचा म्हणजे काय, हे तर औंध संस्थानानंच दाखवलंय. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासोबत राहायचं. पळून जायला वाट मोकळी होती. अडवत होता तो दिलेला शब्द. ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमामागं हीच वसाहत आहे.

‘औंधकर’ या शब्दालाही भिंत नाही. मी तो लावला म्हणून कुणी अडवत नाही, विसरलो म्हणून कुणी पकडत नाही. म्हणूनच तो पाळायची जबाबदारी सगळी माझ्यावर येते.

चार दिवसांनी दादाचा फोटो आला. त्यानं बोटीचंच नाव ‘औंध’ ठेवलंय, रोमन अक्षरांत. खाली लिहिलंय, ॲनापोलिस, मेरीलँड. “बोट इथं उभी असते, धक्का लागला तर लोक इथंच शोधणार ना मला,” तो म्हणाला. वर गाव आणि खाली मुक्काम, थेट गिरणगावातल्या पाटीसारखं.

मी त्याला विचारलं, “आजीच्या घराची पट्टी निम्मी-निम्मी भरायची का?”

“किती झालीय?” त्यानं विचारलं. मला आकडा माहीत नव्हता. शिपायाला फोन लावला. या वेळी मी लावला.