चारचौघांत खपून जाताना

स्वमग्न व्यक्ती चारचौघांत खपून जाण्यासाठी काय काय करतात, यावर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. नकोसं वाटत असतानाही डोळ्यांत डोळे घालून बोलायचं, हातांची हालचाल दाबून धरायची, इतर हसले की आपणही हसायचं. या लपवाछपवीचा संबंध चिंता, नैराश्य आणि कमालीच्या थकव्याशी असल्याचं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणजे 'सगळ्यांसारखं वाग' हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

'मग काय, सुधारायचंच नाही का?' प्रश्न रास्त आहे. पण स्वतःला गोंगाट सोसत नाही हे मान्य केलेला माणूस हेडफोन लावून लोकलने कामावर जातो. मान्य न केलेला संध्याकाळी घरी येऊन कोसळतो. यातला प्रयत्न कोणी सोडला? लिहिण्यात अडचण असलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. ही चैन आहे म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की जादा वेळ कोणाला उत्तर सांगत नाही. मात्र त्यासाठी अडचण आधी घरात कबूल व्हावी लागते, आणि गाडी अडते ती तिथेच: लोक काय म्हणतील! अर्थात, नोकरी जाण्याची भीती असेल तिथे एकट्याच्या स्वीकाराने भागत नाही. म्हणूनच २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आणल्या, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरवला. तेव्हा आज कोणी शांत कोपरा मागितला, तर द्या. फार चौकशी करू नका.