राजाच्या मुखातली फळी

१८३० च्या जुलैत पॅरिसच्या रस्त्यांवर ज्या जनतेने रक्त सांडले आणि ज्या क्रांतीने लुई फिलिपला सिंहासन मिळवून दिले, त्या जनतेच्या पदरात त्या क्रांतीतून काय पडले, याचा जमाखर्च पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑनोरे दोमिए या २३ वर्षांच्या चित्रकाराने एका शिळाछापाच्या कागदावर मांडला. फ्रेंच लेखक राब्लेच्या महाभक्षक राक्षसाचे ‘गार्गांतुआ’ हेच नाव त्याने चित्राला दिले. नासपतीसारख्या मस्तकाचा अगडबंब राजा शौचासनावर बसला आहे. त्याच्या उघड्या मुखापासून एक लांब फळी जमिनीपर्यंत उतरली आहे. तिच्या पायथ्याशी फाटक्या वस्त्रांतील रयत, आणि तिच्यात तान्हे मूल घेतलेली एक कृश स्त्रीही, आपली नाणी जमा करते आहे, आणि ठेंगणे सेवक त्या नाण्यांच्या टोपल्या पाठीवर घेऊन वर चढत आहेत. आसनाखाली मात्र सनदा, नेमणुकांचे हुकूम व मानचिन्हे पडत असून ती उचलण्यासाठी प्रतिष्ठितांची झुंबड उडाली आहे.

सरकारने यात राजाच्या व्यक्तीची विटंबना आणि राज्याविषयी द्वेष पसरविण्याचा प्रयत्न पाहिला, प्रती जप्त केल्या आणि दोमिएला सहा महिने कैद व ५०० फ्रँक दंड ठोठावला. मला मात्र राजाचे ते अवाढव्य उदर हा चित्राचा मुख्य विषय वाटत नाही; वसुली कोणाकडून होते आणि बक्षिसी कोणाला पोचते, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारी ती फळीच त्याचा प्राण आहे, कारण आसनावर उद्या दुसरा कोणी बसला तरी तिला हलण्याचे कारण नव्हते. दरसाल निदान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषासच त्या राज्यात सामान्यतः मताचा अधिकार असल्यामुळे फळीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्यांना कोणी काही विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

त्यांच्यापर्यंत हे चित्र पोचण्याजोगे होते, हीच सत्तेची खरी अडचण होती. आपल्याकडे पुढे ज्या शिळाप्रेसवर पोथ्या निघाल्या, तिचीच ही करणी: घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने रेखाटले, दगड ओला करून शाई फिरवली, की ठशाच्या खोदकामावाचून स्वस्तात प्रती निघत, आणि चित्रप्रकाशक ओबेरच्या दुकानाच्या काचेत लावलेली प्रत निरक्षर मजुरालाही समजे. १८३५ च्या सप्टेंबरातील कायद्याने छापील लेखांवर पूर्वपरवानगीची सक्ती न करता चित्रांवर मात्र ती लादली. शब्द म्हणजे मत, पण चित्र म्हणजे प्रत्यक्ष कृती, असा युक्तिवाद त्यासाठी सरकारपक्षाने केला, आणि दोमिएच्या सामर्थ्याची याहून स्वच्छ कबुली त्याच्या कोणत्याही चाहत्याने दिली नसती.