सल्ल्याचा कर्ता
बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात २०२४ साली उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग झाला, त्यात उपग्रहचित्रे, हवामानाच्या नोंदी आणि जमिनीतील संवेदक यांच्या आधारे पाणी केव्हा व किती द्यावयाचे, हे संगणक सुचवितो. स्वयंचलित पंप ठरल्या वेळी सुरू होतो. येथे ती वेळच नोंदींवरून अनुमानाने काढली जाते. लासुर्ण्याच्या शेतकऱ्याला असा सल्ला मिळाला, तर त्याचे वाक्य बहुधा ‘उद्या पाणी द्यावे’ असेच असणार. प्रयोग कर्मणी, कर्ता अध्याहृत. नैतिक पेच नेमका या अध्याहारात आहे.

लासुर्णे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. तेथे पाणी पाळीने मिळते आणि वरच्याने अधिक घेतले, की शेपटाकडच्याचे तुटते. संवेदक मुळांजवळचा ओलावा मोजतो. शेजाऱ्याचा हक्क त्याला मोजता येत नाही. (तीही माहिती पुरविता येईल, असे तंत्रज्ञ म्हणेल, परंतु वाटपाच्या जुन्या नोंदींत जुना अन्यायही नोंदलेला असतो, आणि यंत्र त्यावरूनच शिकणार.)

यंत्राला ‘बुद्धिमान’ म्हणणे हे रूपक आहे, आणि रूपकाला समीक्षकाने हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्या रूपकाने कर्तृपद बळकावले, की पाणी सोडणारा माणूस ‘सल्ला तसाच होता’ असे म्हणावयास मोकळा होतो. शेजाऱ्याने जाब कोणाला विचारावा, हे त्या वाक्यात कोठेच नसते.