मजुरी आणि दया

लग्नकार्यासाठी हातमागाची साडी घ्यावयास गेलो, म्हणजे किंमत ऐकून आपण प्रथम दचकतो आणि मग घासाघीस करू लागतो. तीच साडी एखाद्या सेवाभावी संस्थेची आहे असे कळले, तर मात्र मुकाट्याने पैसे देतो व आपल्या हातून एक सत्कृत्य घडले अशा समाधानाने घरी येतो. वागणूक दोन प्रकारची. पण मुळाशी चूक एकच आहे, असे आम्हांस वाटते. विणकराला किती द्यावे हे आपल्या मर्जीवर आहे, असे आपण दोन्ही वेळा धरून चालतो.

मुरारच्या आम्हां मंडळींना हा विषय परका नाही. विणकरांचे चंदेरी गाव पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातलेच. येथील मराठी घरांच्या पेट्यांतून चंदेरी लुगडी जपून ठेवलेली असत. परंतु ती कोणाच्या हातची, हे आम्ही कधी विचारले नाही. तो विचार मनात आला नर्मदाकाठी महेश्वरला जाऊन आल्यावर.

महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी. त्यांनी तेथे विणकरांना आश्रय दिला. पुढे ही कला मोडकळीस आली, तेव्हा १९७८ साली रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था स्थापन केली. कला टिकावी आणि स्त्रियांना गावातच काम मिळावे, हा तिचा हेतू. नफा मालकाच्या खिशात न जाता विणकरांच्या मुलांचे शिक्षण, औषधपाणी व घरे यांकडे वळावा, अशी तिची योजना आहे.

महेश्वरी साडीत बहुधा ताणा रेशमाचा व बाणा सुताचा. माग चालू असला की धोटा धावताना दिसतो. पण त्याआधीचे काम पाहुण्याला दिसत नाही. सूत रंगवावे लागते, उकलावे लागते, ताणा लावावा लागतो, नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडावा लागतो, कांड्या भराव्या लागतात. देशात अनेक ठिकाणी विणकराला नगावर मजुरी मिळते. ताणा जोडण्याचा दिवस, आजारपणाचा दिवस कोरडाच जातो. आणि घरात कांड्या भरणारी बायको किंवा म्हातारी आई हिची मजुरी वेगळी कोणी धरीत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख कामगार आढळले. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. विणकरांच्या सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांची महिन्याची मिळकत पाच हजार रुपयांच्या आत होती.

आता घासाघीस करून आपण दोनशे रुपये वाचवले, तर ते कोणाचे? रेशमाचा भाव ठरलेला, व्यापारी आपला नफा सहसा सोडीत नाही. ओढाताणीत शेवटी कमी होते ती मजुरीच.

कोणी म्हणेल, आम्हीही बेताच्या मिळकतीची माणसे. खरे आहे. महाग साडी न घेणे हा अपराध नव्हे, यंत्रमागाची घ्यावी. परंतु हाताचे काम यंत्राच्या भावात मागणे हा अन्याय आहे. उलट, केवळ कीव येऊन सदोष कापड घेणे हाही विणकराचा मान नव्हे. त्याचे कापड पारखून घ्यावे आणि मग पुरती किंमत द्यावी.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात दोन आज्ञा जवळजवळ आहेत. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही एक. शेतात विसरलेली पेंढी परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, ही दुसरी. पेंढी सोडली म्हणून मजुरी बुडवण्याची मोकळीक मिळत नाही. मजुरी हे देणे आहे, आणि दयेचा आरंभ ते फेडल्यानंतरच होतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी वर्गात साधा रुमाल दाखवून मुलांना विचारावे, की यास किती हात लागले असतील? उत्तरे मोजताना कांड्या भरणारीचे हातही मोजले जावेत, एवढीच आमची विनंती आहे.