अडसर

शिरपेठ हे गाव कल्पनेतलं. तिथे आलेली साथ मात्र खरी.

गावाच्या मधून ओढा. वरच्या अंगाला धान्याच्या अडती, दुमजली वाडे, वाड्यांमागे कोठारं. खालच्या अंगाला हमाल, गाडीवान, मोलकरणी. त्या वस्तीला पेठेतली माणसं नुसतं ‘पलीकडे’ म्हणत. ओढ्यावर एकच पूल, आणि पुलाच्या वरच्या टोकाला दरवाजा. दिवेलागण झाली की त्याचा अडसर आतून पडे.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीत प्लेग निघाला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. शिरपेठेच्या अडत्यांचा सगळा व्यवहार तिथलाच. बातमी पोचली तशी पेठेची बैठक बसली आणि ठरलं, की यापुढे दरवाजा दिवसाही बंद. घाण पलीकडे, तेव्हा रोगही तिकडूनच येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. हमालांना तेवढं आत घ्यायचं, कारण पोती काही आपली आपण उतरत नाहीत. पोती मांडवीहून येतात, हे बैठकीत कुणी काढलं नाही.

सगळ्यांत मोठ्या अडत्याच्या कोठारात एक म्हातारी सांडलवंड गोळा करायची. तेच दाणे तिची मजुरी. एका सकाळी थप्पीमागे तिला उंदीर मरून पडलेले दिसले.

“मालक, उंदीर पडाया लागलेत. वाडा सोडा.”

मालकाच्या कपाळावर आठी पडली. वर्दी गेली तर माल अडकणार, भाव बसणार. शिवाय पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेतात, हेही कानावर आलेलं.

“बोभाटा करू नकोस,” तो म्हणाला आणि पाटीभर उंदीर ओढ्यापलीकडे फेकायला लावले.

उंदीर गेले, पिसवा राहिल्या. उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने हे १८९८मध्ये कराचीत दाखवलं, आणि पुढे कित्येक वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांच्याही ते गळी उतरलं नाही. तेव्हा पिसवांबद्दल अडत्याला बोल लावण्यात अर्थ नाही. उंदीर कुठे टाकायचे, हे मात्र त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ओढ्याकाठी उंदीर पाहिले आणि पलीकडच्यांनी त्याच संध्याकाळी माळ गाठला. उचलायचं तरी काय होतं? चार भांडी, गोधड्या, एखादी शेळी. पेठेचा पाय निघेना. तिजोरी कुणी सांभाळायची, किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या, यात दिवस गेले. तोवर अडत्याच्या धाकट्या भावाच्या काखेत गाठ आली, मग मुनिमाच्या जांघेत. दोघेही गेले.

पेठ माळावर आली तेव्हा विहिरीजवळची, उंचवट्याची जागा भरून गेली होती. वाडे बांधून घेतलेल्या या माणसांना कूड विणता येईना. पलीकडच्यांनी झोपड्या उभ्या करून दिल्या, पण मजुरी रोख मोजून घेतली. फुकटचा मोठेपणा कुणी मिरवला नाही, हे बरंच झालं.

अडत्याची गाडी पोत्यांनी भरून आली होती. म्हातारी बैलांपुढे उभी राहिली.

“माणसं उतरवा, मालक. पोती माघारी न्या.”

“अगं, धान्य आहे ते!”

“ठाऊक हाय. मीच झाडत होते त्याच्याखाली.”

गाडी माघारी गेली. त्या पावसाळ्यात अडत्याचं घर पलीकडच्यांकडून विकत घेतलेल्या नाचणीवर जगलं. भाव म्हातारीनेच सांगितला आणि तो काही कमी नव्हता.

साथ ओसरली. माणसं आपापल्या घरी परतली, तर पुलावरचा दरवाजा जाग्यावर नव्हता. फळ्या झोपड्यांना लागल्या होत्या. पेठेने लगोलग वर्गणी काढली. नवा दरवाजा हवा, आणि जुन्यापेक्षा भक्कम. सुतार अर्थातच पलीकडचा. त्याने चौकट मापली, लाकूड पारखलं, मग पेन्सिल कानावर ठेवून अडत्याकडे वळला.

“मालक, तेवढं एक सांगा. अडसर कुठल्या अंगाला बसवू?”